साखरेची होडी

"ही बुडेल," मेस्त्री म्हणाले आणि त्यांनी होडीवरचे दोन्ही हात काढून घेतले.

पडवीत आम्ही तिघंच होतो. मेस्त्री झोपाळ्यावर, त्यांची मुलगी कुंदा दाराला टेकून उभी आणि मी समोर खुर्चीत. मधे स्टुलावर मी केलेली होडी. हातभर लांब, नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागच्या सुकाणूपर्यंत नुसत्या साखरेची. रत्नागिरी ते करंजवेळ हे दीड तासाचे खड्डे मी ती मांडीवर घेऊन सोसले होते आणि तिच्या डोलकाठीला केसाएवढी चीर गेली नव्हती.

मी हसून म्हटलं की ती पाण्यात जायचीच नाहीये, उद्या संध्याकाळी केकवर बसायची आहे. मेस्त्री हसले नाहीत. त्यांनी पुन्हा हात पुढे केले, दोन्ही अंगठे होडीच्या दोन काठांवर ठेवले आणि नाळेकडून मागे सावकाश सरकवत नेले.

"डावी बाजू खाली आहे," ते म्हणाले. "तांदळाच्या दाण्याएवढी. पण आहे."

मेस्त्रींना दिसत नव्हतं. काचबिंदूने दोन्ही डोळे गेले त्याला बारा वर्षं झाली होती.

मी पिशवीतून स्टीलची पट्टी काढली आणि स्टुलासमोर उकिडवी बसून दोन्ही काठ मोजले. डावी बाजू दोन मिलिमीटर खाली होती. आठ दिवस ती होडी माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मला ते दिसलं नव्हतं.

हे सगळं घडलं त्यालाही आता दहा वर्षं झाली. रत्नागिरीत तेव्हा फाँडंटचं काम करणाऱ्या आम्ही तिघीचौघीच होतो. फाँडंट म्हणजे साखरेची कणीक. ती मळायची, लाटायची आणि तिची फुलं, पानं, माणसं करायची. पुण्याच्या क्लासमध्ये हे शिकून आलेल्या बायका आमच्याकडे येऊन रडकुंडीला यायच्या, कारण समुद्राची हवा साखरेला टिकू देत नाही. सकाळी ताठ बसवलेला गुलाब दुपारी मान टाकतो. नवरानवरीच्या जोडीतला नवरा हॉलवर पोचेपर्यंत गुडघ्यात वाकतो. माझं तसं व्हायचं नाही. मी कणकेत टायलोज नावाची, साखर कडक करणारी पूड जास्त घालायची, कॉर्नफ्लॉवर लावून पानं-पाकळ्या अगदी सुक्या करून घ्यायची आणि जुन्या कपड्यांच्या कपाटात साठचा बल्ब लावून त्यात चार-चार दिवस वस्तू सुकवायची, रोज कूस बदलून. फ्रिजला हात लावायची नाही. आत तार किंवा काडी घालायची नाही, हा माझा नियम होता. केकवरचं सगळं खाता आलं पाहिजे आणि तरी उभं राहिलं पाहिजे. प्रमिला शेट्येची फुलं मोडत नाहीत, असं गावात म्हणायचे. ते मला ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

कुंदा माझ्याकडे आली ती फेब्रुवारीत. करंजवेळच्या शाळेत ती शिक्षिका होती. वडील पंचाहत्तर वर्षांचे होणार होते. त्यांनी खाडीकाठी साठाच्या वर होड्या बांधल्या होत्या, पण दिसेनासं झालं तशी त्यांनी हत्यारं ठेवून दिली. पुढे तर बंदरावर जाणंही सोडलं. आईसुद्धा पाच वर्षांपूर्वी गेली. आता ते दिवसभर झोपाळ्यावर बसतात, हे सांगताना ती माझ्याकडे न बघता टेबलावरचं कॉर्नफ्लॉवर बोटाने गोळा करत होती.

"त्यांना केक दाखवून काय उपयोग," ती म्हणाली. "मला त्यांच्या हातात काहीतरी द्यायचंय. त्यांचं. ते चाचपून बघतील, सगळीकडून. मोडता कामा नये."

तिने एक फोटो दिला. मेस्त्रींनी बांधलेली शेवटची होडी, 'रहेमत'. टेकूंवर उभी, नाळेला झेंडूचा हार, एका बाजूला मेस्त्री आणि दुसऱ्या बाजूला होडीचे मालक हमीद तांडेल. फोटो अगदी समोरून काढलेला होता. मी तो मोठा करून भिंतीला लावला आणि त्यावरून होडी केली. थर्मोकोलचा साचा कापला, त्यावर बोटाएवढा जाड थर बसवला, आठ दिवस सुकवला आणि मग साचा काढून घेतला. हातोडी मारली असती तरी फुटली नसती. मजबुतीबद्दल मला शंका नव्हतीच. पण बाक, उतार, दोन्ही काठ हे सगळं मी फोटोवरून जसंच्या तसं उतरवलं होतं, याचीही मला खात्री होती. म्हणूनच पट्टी हातात घेऊन बसल्यावर मला राग आला. मेस्त्रींचा नव्हे, माझाच.

मी म्हटलं, मी दुसरी करते.

कुंदा म्हणाली, ताई, राहू दे, साखरेचीच आहे, कुणाच्या लक्षात येणार. मी म्हटलं, ज्यांच्यासाठी केली त्यांच्या लक्षात आलं. मग ती म्हणाली की कार्यक्रम उद्या सहाला आहे आणि ही सुकायलाच तुम्हाला आठ दिवस लागले. ते खरं होतं. पण मी कुठेही जाताना दोन किलो तयार फाँडंट, टायलोजचा डबा आणि लाटणं बरोबर नेते. रस्त्यात काही मोडलं तर जागेवर करून द्यायची मला सवय होती. मी घरी फोन करून सांगितलं की उद्या येते.

मी फोन ठेवल्यावर मेस्त्रींनी विचारलं, "कशी केलीस बाय ही?"

मी सांगितलं. साचा, जाड थर, आठ दिवस.

"एवढी जाड कशाला?"

"मजबूत व्हावी म्हणून."

"जाड केली म्हणून मजबूत होत नाही. जड होते." त्यांनी झोपाळा पायाने थांबवला. "होडी काय दगडासारखी कोरून काढतात? आधी कणा घालायचा. त्याच्यावर बरगड्या. मग फळ्या. फळी पातळच असते, पण ती प्रत्येक बरगडीला धरून असते. तुझी ही साखर पातळ लाटलीस तर किती वेळात सुकते?"

मी विचार केला. कागदाएवढी पातळ पाकळी माझ्या कपाटात तासाभरात कडक व्हायची. दोन मिलिमीटरची पट्टी, भरपूर टायलोज घालून, कोरड्या गरम हवेत… तीन तास, चार तास.

"कपाट असतं तर उद्या दुपारपर्यंत," मी म्हटलं.

"कपाट कशाला," मेस्त्री म्हणाले आणि त्यांनी कुंदाला शेडची किल्ली आणायला सांगितली.

कुंदाने वडिलांकडे बघितलं. मग आत गेली. किल्ली शोधायला तिला बराच वेळ लागला आणि कुलपात खोबरेल तेल सोडल्यावर ती कशीबशी फिरली. शेड घरामागे खाडीच्या बाजूला होती. वर पत्रे, खाली मातीची जमीन, दोन्ही टोकांना मोठी दारं. बारा वर्षांची धूळ होती, पण ओल कुठेही नव्हती. मार्च महिना, संध्याकाळचे साडेचार झालेले आणि आत अजून भट्टीसारखं तापलेलं होतं. लाकूड सुकवायला मी ती अशीच बांधली, मेस्त्री म्हणाले. एक हात कुंदाच्या खांद्यावर ठेवून ते आत आले आणि चार पावलांवर खांद्यावरचा हात काढून स्वतःच चालत एका लांब मेजापाशी गेले. मेज होतं तिथेच होतं.

कुंदाने मेज धुऊन पुसून दिलं, मी वर स्वच्छ प्लास्टिक अंथरलं आणि आम्ही कामाला लागलो. मी कणीक मळली आणि नेहमीच्या दीडपट टायलोज घातली. मेस्त्रींनी एक गोळा मागून घेतला, दोन बोटांत दाबून बघितला, ताणून बघितला, नाकाशी नेला आणि विचारलं, ही तुटते कशी, वाकून की एकदम? एकदम, मी म्हटलं. मग ओली असतानाच वाकवायची, ते म्हणाले, आणि वाकवल्यावर हलवायची नाही.

बरगड्यांचा आकार कसा सांगायचा, हा प्रश्न होता. मी एका परातीत कॉर्नफ्लॉवर पसरून त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी तळहाताने ते सपाट केलं आणि तर्जनीने एक रेघ ओढली. अशी रेघ मी हाताने कधी काढू शकले नसते. खाली पोटात भरलेली, वर किंचित आत येणारी. मी ती कागदावर उतरवली. तेवढ्यात त्यांनी माझा हात धरला.

"कागदाची घडी घाल. अर्धीच रेघ घे आणि दोन्ही बाजू एकदम काप. म्हणजे डावं-उजवं वेगळं होणारच नाही."

इतकी साधी गोष्ट. उजेड होता तोवर आम्ही तेरा बरगड्या कापून, वाकवून, मेजावर ओळीने ठेवल्या आणि त्यांच्या शेजारी सरळ, लांब कणा. मेस्त्रींनी प्रत्येक बरगडी जागेवर ठेवण्याआधी दोन्ही टोकांनी चाचपली. दोन परत करायला लावल्या. मी निमूट केल्या. एरवी मला कुणी काही परत करायला लावलं की मी आधी वाद घालते.

सकाळी मी साडेसहाला शेडवर गेले तर मेस्त्री आधीच दारात उभे होते. त्यांनी डोंगराकडचं दार उघडं टाकलं होतं. आता मतलई वारा आहे, ते म्हणाले, जमिनीवरून येतोय, कोरडा आहे. दहा-साडेदहाला तो पडेल. मग समुद्राकडून खारा वारा सुरू होईल, तेव्हा दोन्ही दारं बंद करायची आणि पत्र्याला तापू द्यायचं. चौदा वर्षं मी त्या किनाऱ्यावर साखर सुकवत होते आणि मला साठच्या बल्बापलीकडे काही सुचलं नव्हतं.

बरगड्या खडखडीत झाल्या होत्या. अंड्याचं पांढरं आणि साखर फेटून केलेल्या डिंकाने मी त्या कण्यावर बसवल्या. मेस्त्री एकेक बरगडी सरळ होईपर्यंत धरून ठेवत होते. मग फळ्या. मी लाटायची, पट्टीने कापायची, ओली फळी बरगड्यांवरून वाकवायची आणि ते नाळेपासून बोटांनी दाबत मागे जायचे. एक डावीकडे, लगेच एक उजवीकडे. एका बाजूच्या दोन सलग लावू द्यायचे नाहीत. कुंदा मधून चहा घेऊन आली आणि कप हातात घेऊन तशीच उभी राहिली. चहा निवला. तिच्याकडे बघायला आम्हाला दोघांनाही वेळ नव्हता.

सव्वादहाला वारा खरंच पडला. आम्ही दारं लावली. शेवटच्या फळ्या तीन तास तरी सुकायला हव्यात, तोवर हात लावायचा नाही, असं ठरलं. मेस्त्री बाहेर फणसाखाली बाकावर बसले. मी त्यांच्या शेजारी बसले आणि हाताला काम नव्हतं म्हणून पिशवीतून 'रहेमत'चा फोटो काढला.

माझी चूक कुठे झाली, ते मला शोधायचं होतं. मी माझ्या कामात चुकत नाही असं नाही, पण चुकले तर कुठे, हे मला कळावंच लागतं. मोठ्या केलेल्या फोटोवर मी पट्टी ठेवली. टेकू सरळ होते. मागे शेडची चौकट होती, तीही सरळ होती. मग मी होडीचे दोन काठ मोजले. पुन्हा मोजले. मग पट्टी खाली ठेवली.

"मेस्त्री," मी म्हटलं, "माझी होडी चुकलेली नाही. मी फोटो बरोबर उतरवलाय."

त्यांनी मान माझ्याकडे वळवली.

"फोटोतच डावी बाजू खाली आहे."

खाडीत कुणीतरी इंजिन सुरू करत होतं, ते दोनदा बंद पडलं. मेस्त्रींनी गुडघ्यांवर हात ठेवले आणि बोलायला सुरुवात केली. ते सगळं एका दमात, सपाट आवाजात बोलले, जणू फार वर्षं मनात म्हणून पाठ झालं होतं.

डावा डोळा आधी गेला होता. 'रहेमत' बांधायला घेतली तेव्हा उजव्याला सुद्धा मधलं तेवढंच दिसायचं, बाजूचं नाही. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, हमीदला तर नाहीच. हमीद बालपणापासूनचा मित्र, त्याने विश्वासाने काम दिलेलं. चाळीस वर्षांची सवय आहे, हात करतील, असं त्यांना वाटलं. हातांनी केलंही. पण डावीकडच्या फळ्या त्यांनी नजरेने लावल्या, घडी घालून कापलेल्या फर्म्याने नाही, कारण फर्मा घेणं म्हणजे नवशिक्यासारखं, आणि फर्मा घेतला असता तर बाकीच्यांनी विचारलं असतं. दुसऱ्या हंगामात खाडीच्या तोंडाशी डावीकडून लाट आत आली. होडी भरली आणि खडकावर गेली. हमीद आणि दोन खलाशी चार तास एका फळीला धरून होते. तिघंही वाचले. हमीदचा खांदा निखळला, तो हात त्याला अजून वर नेता येत नाही. गावात सगळे म्हणाले, वारा वाईट होता. तेव्हापासून ते बंदरावर गेले नव्हते.

"डोळ्यांमुळे काम सोडलं, असं कुंदाला वाटतं," ते म्हणाले. "डोळ्यांशिवाय अजून बरंच करता आलं असतं. काल मला वाटलं, तुला सांगावं की चूक तुझी नाही. नाही सांगितलं. तुझ्यावरच राहू दिली."

मला राग यायला हवा होता. पण आदल्या दिवशी दोन मिलिमीटरसाठी मी स्वतःवर किती चिडले होते, ते मला आठवलं, आणि हे बारा वर्षं त्या झोपाळ्यावर तसेच बसून होते.

कुंदाला मी काही सांगणार नाही, असं मी म्हटलं. ते तुमचं तुम्ही बघा. "पण होड्या आता दोन आहेत. केकवर कुठली ठेवायची, ते तुम्ही सांगायचं."

त्यांनी विचारलं, नवीची डोलकाठी झाली का. मी म्हटलं, सुकतेय.

"नवी," ते म्हणाले. "आणि हमीद आला की त्याला माझ्या शेजारी बसव."

दोन वाजता दारं उघडली. फळ्या नखाने वाजवल्या की टिचकीसारख्या वाजत होत्या. जुन्या होडीच्या निम्म्याहून कमी वजन होतं आणि मी दोन्ही टोकांना धरून उचलली तरी ती कुठे कुरकुरली नाही. आम्ही डोलकाठी बसवली, सुकाणू बसवलं. मेस्त्रींनी दोन्ही अंगठे काठांवर ठेवले, मागपर्यंत नेले आणि मान हलवली. मीही पट्टी लावली. त्यांनी विचारलं, किती? मी म्हटलं, काही नाही. फरकच नाही.

सहाला अंगणात पन्नासएक माणसं जमली. दुपारी रत्नागिरीहून आलेल्या केकवर, क्रीमच्या निळ्या लाटांवर, मी होडी बसवली. लोक भोवती गोळा झाले, हात लावू का विचारू लागले, आणि मी सगळ्यांना खुशाल लावा म्हटलं. हमीदभाई जरा उशिरा आले. उंच, वाकलेले, पांढरी दाढी, उजवा हात अंगाशी धरलेला. मी त्यांना मेस्त्रींच्या शेजारच्या खुर्चीत बसवलं आणि केकचं टेबल त्यांच्यासमोर सरकवलं. कुंदाने कौतुकाने सांगितलं की ही तुमची 'रहेमत' आहे, ताईंनी आणि बाबांनी मिळून केली.

हमीदभाई खाली वाकले. खलाशी होडीकडे बघतो तसं त्यांनी नाळेसमोरून एक डोळा मिटून बघितलं. मग डाव्या हाताने काठ चाचपला.

"ही रहेमत नाही," ते म्हणाले.

भोवतीचे दोघंतिघं हसले. मेस्त्री हसले नाहीत.

"नाही," ते म्हणाले. "ही मला करायची होती ती. तुझी रहेमत वाकडी होती, हमीद. मला दिसत नव्हतं आणि मी तुला बोललो नाही. खांदा तुझा गेला तो वाऱ्याने नाही, माझ्यामुळे."

कुंदाने माझ्याकडे बघितलं. मी तिचा हात धरला. अंगणातलं बोलणं एकेका बाजूने थांबत गेलं.

हमीदभाईंनी खुर्ची थोडी जवळ ओढली. त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

"मला ठाऊक होतं," ते म्हणाले. "पाण्यात उतरवली त्याच दिवशी कळलं. डावीकडे बसायची. मी उजवीकडे दगड भरले आणि चालवली. त्या दिवशी जाळं ओढताना दगड मीच काढून टाकले होते. ती माझी चूक."

"मग बोलला का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबलो. मग तू घरात जाऊन बसलास. दोनदा आलो मी, तू झोपलायस म्हणून घरच्यांनी सांगितलं. बारा वर्षं, मेस्त्री. मला बंदरावर बोलायला माणूस नाही."

मेस्त्रींचे हात टेबलाच्या कडेवर होते. हमीदभाईंनी त्यांतला एक आपल्या चांगल्या हाताने धरला आणि सोडला नाही. मग ते म्हणाले, "मला एक लहान होडी हवीय. खाडीपुरती. बांधून दे."

"मला दिसत नाही, हमीद."

"तेव्हा तरी कुठे दिसत होतं तुला?"

आधी मेस्त्री हसले. मग कुंदा, रडता रडता. मग सगळं अंगण. मी सुरी आणून मेस्त्रींच्या हातात दिली आणि केक कापला गेला. होडी काही कुणाला मोडता आली नाही, तेव्हा ती कुंदाने आत नेऊन ठेवली.

होडी बांधायला शेजारच्या गावचे दोन सुतार आले, सतीश आणि त्याचा मेहुणा. लाकूड कापायचे ते, चाचपायचे मेस्त्री. कुंदा मला फोनवर सांगायची. परातीत पीठ पसरून ते अजून रेघ काढून देतात, ती म्हणाली, आणि घडी घातल्याशिवाय कुणाला कागद कापू देत नाहीत. त्या पावसाळ्यात मी माझ्याकडच्या सगळ्या जाड साच्यांची पोती बांधली आणि पातळ पट्ट्यांचं काम शिकायला बसले. पुढे त्यावर माझं नाव झालं. पाच मजली केकवर मी दीपस्तंभ उभा केलाय, आतून पोकळ, आणि तो मुंबईपर्यंत गाडीतून गेलाय.

नोव्हेंबरात होडी पाण्यात उतरवायची होती. त्यांनी मला बोलावलं. बंदरावर नारळ फुटला, दहाबारा जणांनी जोर लावला, होडी घसरत पाण्यात गेली आणि हमीदभाई सगळ्यांत आधी चढले. टाळ्या वाजल्या. जो तो म्हणत होता, झकास, झकास. मेस्त्री काठावर उभे होते. एवढ्या आवाजात त्यांनी माझं मनगट शोधलं.

"बाय, तू बघ. कशी बसलीय?"

मी धक्क्याच्या टोकापर्यंत गेले. खाली बसून, नाळेसमोरून, एक डोळा मिटून बघितलं. मग उठून दुसऱ्या बाजूला जाऊन बघितलं. सांगायचं जिवावर आलं होतं, पण त्यांनी मला विचारलं होतं.

"उजवीकडे खाली आहे," मी म्हटलं.

"किती?"

"चार बोटं."

सतीशने मान खाली घातली. मेस्त्रींनी चेहरा पाण्याकडे वळवला.

"हमीद कुठे बसलाय?"

"उजवीकडे. काठावर."

"त्याला म्हणावं, मधे बस."

कुणीतरी ओरडून सांगितलं. हमीदभाई पुटपुटत उठले, चांगल्या हाताने डोलकाठीला धरून मधे सरकले आणि खाली बसले. होडी हळूच वर आली, एकदा डावीकडे झुलली, परत आली आणि थांबली. पाण्याची रेघ दोन्ही बाजूंनी सारख्याच उंचीवर होती.

"आता?" मेस्त्रींनी विचारलं.

मी पुन्हा धक्क्याच्या टोकापर्यंत गेले, खाली बसून बघितलं, आणि तिथूनच त्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "आता बरोबर."